पोरीच्या तोंडून तू बोललीस तेव्हा

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तिसरीत शाळा सोडलेली मी आज लिहायला बसले, कारण नात इस्पितळातून घरी आली आहे. समोर बसून दारावर येणाऱ्या पदेराचा, पाववाल्याचा, ताजा पाव चहात बुडवून खाते आहे. आनंद पोटात मावत नाही, पण झालं त्याने अजून हादरलेली आहे.

त्या दिवशी मुलगा ट्रक घेऊन गेलेला, सून तुये गावच्या कारखान्यात पाळीला. पोरीला ताप येत होता, उतरत होता. मी चुलीपाशी पेज ढवळते आहे आणि ती खाटेवरून ओरडते, "भात करपता गो, दिसना काय तुका?" आये, तुझंच बोलणं! शेवट तसाच ओढलेला. हे म्हणत तू पाठीत पळी हाणायचीस. ती पळी अजून आहे माझ्याकडे, दांडा वाकलाय, पण ते जाऊ दे. मी धावले. तिच्या कपाळाला हात लावायचा सोडून पाया पडले. "आये, तू इलंस?" तिचे डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. "काय होया तुका?" मी विचारलं. ती म्हणाली, "पाणी." गेलेल्या माणसाने मागितलं की कसं द्यायचं ते तूच शिकवलंस. मी केळीच्या पानावर पाण्याचा पेला अंगणात नेऊन ठेवला, हात जोडले, आणि आत येऊन तुझ्याशी गजाली मारत बसले. काय खूश होते मी! पोरीच्या तोंडात मात्र थेंब घातला नाही.

सून दारातूनच किंचाळली. ती बेळगावकडची, सासूला आत्या म्हणते. "आत्या, पोरगी भाजायलीया आणि तुमी कुणासंगं बोलत बसलाय?"

"माझी आये आलीय," मी म्हटलं, हसतच. तेवढ्यात पोरीला झटका आला.

आरोग्य केंद्रात नर्सने बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. डॉक्टरीण विचारते, "बडबडते कधीपासून?"

"बडबडत नाही ती, माझी आई बोलते."

ती हसली नाही. "आजी, हा मलेरिया आहे. मेंदूपर्यंत पोचलाय. रक्तातली साखरही उतरलीय."

"म्हणजे डास?"

"डासच."

शिरेतून साखर, शिरेतून इंजेक्शन, आणि तशीच गाडीत घालून मोठ्या इस्पितळात. सून माझ्याशी शब्द बोलेना. मी मनात तुला सांगत होते, तू असशील तर सोड तिला. डास असेल तर डॉक्टरांचं चालू दे.

मग एका सकाळी पोर म्हणते, "आजी, भूक लागली." तिचाच आवाज. इंजेक्शनं थांबवून गोळ्या दिल्या. मी विचारलं, "माझ्या आयेसारखी कशी गं बोललीस?"

"तूच मम्मीक रोज म्हणतंस ना!"

सून तेव्हा पहिल्यांदा हसली.

आता तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडून कबूल करून घेतलंय, ताप आला की आधी रक्त तपासायचं. पाळीन मी. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, उशीखाली ठेवते. पण सुनेला सांगू नको हं. पुन्हा कुणाला ताप आला, तर रिक्षात घालून नेताना, पाणी पाजता पाजता, कानाशी एकदाच हळू विचारीन, "आये, तू काय गो?"