खळीने चिकटवलेलं इंग्रजी

ती. आक्काच्या चरणी, कंबर जितकी वाकते तितका नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलंय, आणि त्याच पत्रात चार ओळींनंतर गच्चीवरच्या टाकीचं झाकण तू स्वतः जाऊन बसवलंस असंही लिहिलं होतंस. तुला सांगणारा मी कोण. माझं बरं चाललंय. डाव्या हाताचा अंगठा सकाळी जरा आखडतो, पण चाळीस वर्षं पुस्तकं दाबून धरणाऱ्या अंगठ्याने एवढी कुरकुर केली तर ती ऐकून घ्यायला हवी.

पत्र लिहायला कारण की, मी इंग्रजी शिकलो. (हसून झालं की पुढे वाच.) तू बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, गावभरची पोरं तुझ्या हाताखालून शहाणी होऊन बाहेर पडली, राहिलो तो घरचा मी एकटा. अकरा वर्षांचा होतो, तू संध्याकाळी धडा घ्यायला बसलीस की मी मागच्या दाराने पसार होऊन कोपऱ्यावरच्या बाइंडरच्या दुकानात लपायचो. नुसतं लपून बसवत नाही म्हणून त्यांची पानं जुळवू लागलो, पानं जुळवता जुळवता शिवू लागलो, आणि तोच पुढे धंदा झाला. म्हणजे माझ्या पोटापाण्याची सोय तुझ्या छडीने केली, हे आज लेखी कबूल करतो. पुढे जन्मभर मी वकिलांची, डॉक्टरांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं बांधली. कुठला कागद किती खळ पितो, कुठली पाठ कधी उसवणार, सगळं मला तोंडपाठ. फक्त आत काय छापलंय ते सोडून.

पण या खेपेला गळ्याशी आलं. चिरंजीव बोटीवर इंजिनिअर, हे तुला माहीतच आहे. सूनबाईंना सातवा महिना लागला, आणि नेमकी बोट चार महिन्यांसाठी निघाली. सूनबाईंना मराठी येत नाही, इंग्रजीच बोलते, आणि आई नाही. तेव्हा बाळंतपण माझ्याकडे, असं दोघांनी ठरवलं आणि मला कळवलं. ही असती तर मला कसलीच काळजी नव्हती. लग्नाच्या वेळी दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोन तास हातात हात घालून हसत बसल्या होत्या. मी हॅलो आणि थँक यू एवढी माझी सगळी पुंजी खर्च करून खुर्चीत बसून राहिलो. आता ही नाही. आई नसलेली पोर पोटुशी म्हणून माझ्या दारात येणार आणि घरात कोण, तर एक मुका म्हातारा. हे मला सोसण्यासारखं नव्हतं. मोबाइलमध्ये आपोआप भाषांतर होतं म्हणे, शेजारणीने करून दाखवलं. पण सुनेला जेवलीस का विचारायला मध्ये यंत्र धरायचं म्हणजे तिकिटाच्या खिडकीतून बोलल्यासारखं वाटतं. ते मी ठामपणे नाकारलं आणि शिकवणीला नाव घातलं.

शिकवणीचे सर पंचवीस वर्षांचे आणि वर्गात माझ्याखालोखाल वयाने मोठी विद्यार्थिनी एकोणीस वर्षांची. सरांच्या पद्धती चांगल्या आहेत (तुझ्यासारखी छडी नाही, ही मोठी सुधारणा). पहिली पद्धत अशी, की घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी लावायची, येता-जाता वाचायची, शब्द डोक्यात बसतात. इतर विद्यार्थ्यांनी टाचण्या-बिचण्या वापरल्या असतील. मी बाइंडर. मी ताजी खळ शिजवली, तिच्यात चमचाभर सरस घातला, बांधणीच्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि दार, खिडकी, आरसा, कपाट, फ्रीज, बादली, सगळ्यांना अशी नावं लावली की वस्तू मोडेल पण नाव सुटणार नाही. बाळाच्या कपड्यांसाठी म्हणून एक पेटीही बांधली, पुठ्ठ्याची, वरून हिरवं कापड. झाकणावर नावासाठी चौकोन सोडला, पण इंग्रजीत काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो कोराच ठेवला.

दुसरी पद्धत ऐकण्याची. रोज सकाळी इंग्रजी बातम्या लावून ठेवायच्या, अर्थ कळला नाही तरी कानाला वळण लागतं. माझ्या कानाला लागलं. पंधरा दिवसांत मी माणूस आनंदाने बोलतोय की काळजीने, हे अचूक ओळखू लागलो. कशाबद्दल, ते अजून नाही. तिसरी पद्धत मात्र रामबाण, असं सर म्हणाले: रोज जिवंत माणसाशी बोला, चुका होऊ द्या, लाजू नका. आता जिवंत माणूस आणायचा कुठून? आमच्या गल्लीत इंग्रजी येणारे एक दातांचे डॉक्टर आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं तर तोंड उघडं ठेवावं लागतं.

तेवढ्यात फ्रीजच्या दारावर कंपनीचा फोन नंबर दिसला. लावला. पलीकडून सांगितलं, इंग्रजीसाठी दोन दाबा. आक्का, दोन दाबलं आणि स्वर्गाचं दार उघडलं. एक बाई इतक्या अदबीने माझी चौकशी करू लागल्या की या वयात इतक्या आपुलकीने मला कुणी विचारलं नव्हतं. पण फोन का केला असं त्यांनी विचारलं, तेव्हा पंचाईत झाली. फ्रीजला काही झालेलं नव्हतं. सहज केला म्हणायला शब्द येत नव्हते; तक्रारीचे शब्द मात्र सरांनी आदल्याच दिवशी शिकवले होते. मी म्हणालो, फ्रीजमधून आवाज येतो. दुसऱ्या दिवशी पाणी गळवलं. तिसऱ्या दिवशी वास आणला. रात्री धडा पाठ करायचा आणि सकाळी फ्रीजच्या माथी मारायचा, असा क्रम पडला. तेरा दिवसांत बिचाऱ्याला मी इतके आजार चिकटवले की तितके आपल्या थोरल्या काकांनाही नव्हते. पण माझी जीभ सुटली. सर म्हणाले, वर्गात सगळ्यांत जास्त प्रगती तुमची.

चौदाव्या दिवशी कंपनीची गाडी दारात. दोन माणसं उतरली. त्यांनी फ्रीज उघडला, बंद केला, कान लावला, त्यांना काही सापडलं नाही. तेरा तक्रारी आणि काही सापडत नाही, म्हणजे दोष खोलवर असणार, असं म्हणून त्यांनी फ्रीज उचलून कारखान्यात नेला. मी आडवा यायला हवा होतो, पण दोघं मराठी बोलत होते आणि मराठीत मला खोटं बोलता येत नाही, हे तू लहानपणापासून जाणतेस. (चिठ्ठी निघेना, म्हणून ती फ्रीजबरोबर गेली.) तीन आठवडे लागतील म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी चिरंजीवांचा बोटीवरून निरोप आला, की सूनबाईंना या दिवसांत साखर निघाली आहे, इंजेक्शनं बरोबर घेऊन येतेय, ती थंड राहिली पाहिजेत. आपल्याकडे फ्रीज आहेच म्हणून बरं, असंही वर त्याने लिहिलेलं. सूनबाई परवा पोचणार होती. लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडत बसलेल्या पोराचं पुढे काय झालं, ते तूच मला शिकवलं होतंस.

सकाळी फोन लावला. मराठीसाठी एक दाबायचं सोडून सवयीने दोनच दाबलं. त्याच बाई. आणि आक्का, खरोखरीच्या गरजेला माझी दातखीळ बसली. तोंडातून पाठ केलेलंच निघालं, की फ्रीजमधून आवाज येतो, पाणी गळतं. बाई म्हणाल्या, सर, तो फ्रीज तर आमच्याकडे आहे. मी ज्या भिंतीला फ्रीज होता तिच्याकडे बघत उभा. तिथे नुसता धुळीचा चौकोन. मग मी सरांच्या पद्धती, तुझी छडी, सगळं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, सिस्टर, फ्रीज इज गुड. आय अ‍ॅम बॅड. मग मी म्हटलं, माय डॉटर कमिंग. बेबी कमिंग. मेडिसिन कमिंग. फ्रीज नॉट कमिंग. मग त्यांनी हळूहळू एकेक विचारलं आणि मी एकेक खरं सांगितलं. अर्धा तास. शेवटी त्या हसल्या आणि म्हणाल्या, की मी सराव करतोय हे त्यांच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं, माझा फोन आज कुणी घ्यायचा याच्या पाळ्या लावल्या होत्या. गाडी पाठवणारं खातं तेवढं वेगळं. हे त्या इंग्रजीत बोलल्या आणि मला अक्षर न् अक्षर कळलं, यावरूनच काय ते समज. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्रीज घरात आला, चिठ्ठीसकट.

तेव्हा तात्पर्य असं, की मनापासून काही सांगायचं असलं तर इंग्रजी येतं. तू मला त्या वेळी ज्या गोष्टी इंग्रजीत सांगायला लावायचीस (पेन टेबलावर आहे, वगैरे) त्या कुणालाही सांगायची मला गरज नव्हती. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
मागच्या दाराने गेलेला भाऊ

ता. क. — पाकिटाची खळ वाळेपर्यंत सूनबाई आली, पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुन्हा लिहितो. पोर गुणी आहे. इंजेक्शनं फ्रीजमध्ये नीट आहेत. पण आक्का, वर लिहिलेलं सगळं विसर. बाई फोनवर सावकाश बोलायच्या आणि फ्रीजबद्दल बोलायच्या. सूनबाई भरभर बोलते आणि कशाबद्दलही बोलते. मी सगळ्याला यस म्हणतो. परवा ती बाळाची हिरवी पेटी घेऊन हिच्या फोटोसमोर उभी राहिली आणि बराच वेळ काही तरी विचारत होती. आवाज काळजीचा होता, एवढं ओळखलं. मी म्हटलं, यस. तिने छातीवर हात ठेवून पुन्हा सावकाश विचारलं. मी म्हटलं, यस, यस. तर तिचे डोळे भरून आले, माझा हात धरून किती तरी वेळ बसली. मी कशाला हो म्हणून बसलोय? आईची आठवण येऊन परत जायचं म्हणत असेल? मला सोडून दुसरीकडे राहायचं म्हणत असेल? पुन्हा विचारायची सोय नाही, कळलं नव्हतं हे उघडं पडेल आणि तिला वाईट वाटेल. दोन दिवस अन्न गोड लागत नाही. तू पहिल्या गाडीने ये. माझं घर तळमजल्यावर आहे, एकही जिना नाही. हवी तर छडी आण, या वेळी मी मागच्या दाराने जाणार नाही.

ता. क. २ — आज सकाळी बघतो तर घरातल्या माझ्या प्रत्येक चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी. दार, खिडकी, आरसा. मराठीत, अक्षर बाळबोध, वरची रेघ पट्टीने ओढलेली. सूनबाई शेजारणीकडून एकेक शब्द उतरवून घेत होती म्हणे, चार दिवस. मग कपाट उघडलं. हिरव्या पेटीवरचा कोरा चौकोन आता कोरा नाही. त्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर हिचं नाव. हिच्या गाण्यांच्या वहीवर मी सोनेरी अक्षरांत घातलं होतं ना, ते बघून काढलंय. पोरीने हे नाव बाळाला ठेवू का, ते मला विचारलं होतं, आक्का, आणि मी न कळता बरोबर उत्तर दिलं. मुलगा झाला तर काय, असं तू विचारणार. ते तू आल्यावर तूच तिला विचार, मला भरभर बोललेलं कळत नाही. घाई करू नकोस, पण ये. नखाने हलकेच उचकटून पाहिलं मी. खळ माझीच वापरलीय. निघत नाही.