खऱ्या शिंगांचे कानातले

हैमा, १८ नोव्हेंबर १९९६

चि. मुसल्लम यास थमनाताईचे अ. आ.

वि. वि. तुझा खोकला थांबला का? मत्रहच्या दमट हवेत छाती शेकत जा.

परवा मस्कतहून पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंच्या कानांत मी घडवलेली ओरिक्स हरणं होती. चांदीचं अंग, काळी सरळ शिंगं. आनंदाने मी कॉफी आधी त्यांनाच ओतली. तेवढ्यात बाई कौतुकाने म्हणाल्या, की ही खऱ्या ओरिक्सची शिंगं बरं का, दुकानातल्या हरासी जमातीच्या मुलाला विचारूनच घेतली.

मजलिसीत बसलेले सगळे माझ्याकडे बघू लागले. आपल्या बाबांचा जन्म ओरिक्स राखण्यात गेला, आणि त्यांचीच लेक मेलेल्या ओरिक्सची शिंगं विकते! ते बकरीचं शिंग आहे, असं मी परोपरीने सांगितलं. पण यंदा शिकाऱ्यांनी कळपच्या कळप उधळलेत. कोण विश्वास ठेवणार? मामा कॉफी न घेताच उठले. दुसऱ्या दिवशी बाबांनी गस्तीच्या जीपची किल्ली ओरिक्स प्रकल्पाच्या साहेबांना परत केली. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

त्या दुकानात तुझ्याशिवाय हरासी कोण आहे? खरं ते लिही. लहानपणी थापा मारून माझ्या बुरख्याआड लपायचास. आता तो बुरखा मलाच पुरत नाही.

माया आहेच, पण रागही आहे.
तुझी थमनाताई

मत्रह, ३ डिसेंबर १९९६

ती. थमनाताईस मुसल्लमचा स. सलाम.

तोंडाने मी खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. बाईंनी विचारलं, शिंगं खरी ना? मी मान हलवली. बकरीची म्हटलं की लोक तुझं काम खाली ठेवून देतात, ताई. ते मला बघवत नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर बाईंचं घर शोधत गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे कानातले काढून माझ्या हातावर ठेवले. म्हणाल्या, बकरी काय मिरवायची? मेल्या ओरिक्सच्या शिंगांसाठीच घेतले होते त्यांनी. तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नंतर दुकानात येईल त्याला खरं सांगू लागलो, तर मालक म्हणाले, तोंड शिव नाहीतर घरी जा. मी निघालो. सध्या बंदरावर पोती उतरवतो.

हे पत्र मजलिसीत वाच, मामांसमोर. ईदला येऊ का, हे बाबांना विचारायची माझी छाती नाही. तू विचारशील?

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
मुसल्लम

हैमा, २० डिसेंबर १९९६

चि. मुसल्लम यास अ. आ.

पत्र वाचलं. मामांनी ऐकलं आणि कॉफीसाठी पेला पुढे केला. माझी मान वर झाली. पण सगळ्यांदेखत तुझी खाली घालायला माझाच आवाज लागला, म्हणून मध्येच थांबले. बाबा म्हणाले, वाच पुढे, त्याने लिहायचं धैर्य केलंय.

ईदचं विचारल्यावर मात्र अवाक्षर काढलं नाही. खरं कळल्यावर साहेब स्वतः येऊन किल्ली देऊन गेले. सकाळी बाबा गस्तीला निघाले. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी परतले ते उंबऱ्यातूनच मला हाक मारत. म्हणाले, पठारावर एक मादी व्यालीय. तांबूस वासरू आहे, अजून पाय डळमळतात त्याचे. आणि आत जाता जाता, पाठमोरेच म्हणाले, हे मुसल्लमला कळव.

म्हणून कळवते आहे.

तुझी ताई