नामाच्या बोटाचं माप

बुधवार, दिवेलागण. शेंद्रा.

आज नामासमोर मान खाली गेली. धाकटा भाऊ. त्याच्यासाठी मी शिसवीचं अलगूज केलं होतं. दुष्काळात मेंढरं विकली, तो वाळूजला कंपनीत लागला, तेव्हापासून त्यानं फुंकर म्हणून मारली नव्हती.

आमच्यात वाजवणाऱ्याचा हात आधी लाकडावर ठेवून घेतात, बोटांखाली खुणा करतात, मगच तापल्या सळईनं भोकं पाडतात. आबांनी हेच शिकवलं. मी हात मागितलाच नाही. त्याच्या जुन्या अलगुजावरून माप उतरवलं. का? कंपनीत प्रेसखाली त्याचं एक बोट अर्धं गेलंय. घरी आला की तो हात खिशातच असतो. मला ते बोट बघायचं नव्हतं, दुसरं काय!

आज त्यानं तो हात खिशातून काढला आणि फुंकलं. नुसतं फुसफुसलं. अर्धं बोट भोकापर्यंत पोचंना.

"लई देखणं केलंस, दादा," तो म्हणाला. "पण हात मागितला असतास, तर मी नाय म्हणलो असतो व्हय?"

चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं स्वतःच दुसरं लाकूड मांडीवर घेतलं, वर हात ठेवला. अर्धं बोटसुद्धा. "घे, कर खुणा."

पेन्सिल बघतो म्हणून मी घरात आलो, आणि तो जाईस्तोवर बाहेर गेलोच नाही.

आत्ता हे लिहायला बसलो, तर पेन्सिल कानावरच. त्याला दिसली असणार.