हीटर पेटवू नकोस

प्रिय चौदा नंबर,

पाकिटावर लाल शाईने लिहिलंय तेच पुन्हा लिहितो : गाडीतला हीटर पेटवू नकोस. आत्ता उठ, बॅटरीकडून येणारी त्याची वायर काढून टाक आणि मगच पुढचं वाच. तीन दिवस तुला फोन लावतोय. माझा नंबर बघून तू उचलत नाहीस हे कळलं, म्हणून काल स्पेअर पार्टच्या दुकानातून केला. 'अरे, ऐक ना' एवढंच म्हणालो आणि तू ठेवून दिलास. पहिला शब्द 'हीटर' असायला हवा होता. पण सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि माझी बोबडीच वळली. तू रविवारी नातीला घेऊन डोंगरात निघणार आहेस, हे दुकानदाराने सांगितलं; हे पाकीट त्याच्याच हाती पाठवतोय.

गेल्या रविवारी शाळेच्या मैदानावर जुन्या घरगाड्यांचा मेळावा होता. तू असतास तर हरखून गेला असतास. एकाने आगीचा बंब आणला होता, पाण्याच्या टाकीच्या जागी दोन पलंग. एक अंड्याच्या आकाराची खोली होती, छोट्याशा मोटारीला जोडून ओढत आणलेली. एका तीनचाकीत एवढुसं स्वयंपाकघर होतं की भांडं घासायला माणसाने बाहेर उभं राहायचं. आणि आपलं फिरतं वाचनालय! हिने नवे पडदे शिवले होते, मी पितळी कड्या घासून लख्ख केल्या होत्या. लोक आत यायचे, फळ्या उघडून पलंग कसा होतो ते बघायचे, आणि मी मिशीला पीळ देत सांगायचो की दोघा मित्रांनी भंगारातून दोन गाड्या उचलल्या, एक वाचनालयाची, एक दवाखान्याची, आणि दोन्ही आपल्या हातांनी उभ्या केल्या. दुसरा मित्र कुठे आहे, असं कुणी विचारलं की मी पलंग पुन्हा मिटून दाखवायचो.

दुपारी वारा सुटला, अंगात हुडहुडी भरली. मी दार लावून हीटर पेटवला. तेवढ्यात एक निवृत्त बाई आल्या, शाळेत शिकवायच्या. लहानपणी याच गाडीतून पुस्तकं घ्यायच्या म्हणाल्या. पायरीच्या पत्र्यावरचा पोचासुद्धा त्यांनी ओळखला. मी जपून ठेवलेली चार-पाच जुनी पुस्तकं त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाई, आज परत करायची घाई नाही." बाकीचे लोक दोन मिनिटं बघून जात होते. त्या मात्र बाकावर बसून वाचत राहिल्या. तासभर तरी. मी बाहेर गप्पा मारत होतो. काचेतून बघितलं तर त्यांची मान खाली गेलेली. मला हसू आलं रे. बंबवाल्याला बोलावून म्हटलं, बघ, आमच्या गाडीत कशी छान झोप लागते.

तो हसला नाही. नोकरी सगळी अग्निशमन दलात गेलेली. त्याने दार ओढलं, बाईंना उचलून गवतावर आणलं, आणि माझ्यावर ओरडला, "खिडक्या उघड! धूर आहे आत!" मी म्हणालो, "कुठे आहे धूर? वास तरी येतोय का?" म्हणजे तेव्हाही मी वादच घालत होतो. बाई काहीतरी पुटपुटत होत्या, पण शब्द जुळत नव्हते. दवाखान्यात त्यांना प्राणवायूवर ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीटरच्या धुरातला हा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास, ना रंग. अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर माणूस हाती लागलं नसतं. दोन रात्री त्यांची मुलगी आणि मी एकाच बाकड्यावर बसलो. तिने डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या. आता घरी आहेत. जिना चढताना दम लागतो, पण बऱ्या आहेत.

घरी आल्याबरोबर मी गाडीखाली शिरलो. हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप बाकाखालून जातो ना, तिथला माझा वेल्डिंगचा जोड केसाएवढा तडकलाय. तू तेव्हा नेहमीसारखा चौदा नंबरचा पाना हातात धरून म्हणाला होतास, वरून क्लॅम्प आवळून लाव. मी म्हणालो होतो, माझ्या वेल्डला क्लॅम्पचा टेकू कशाला? तुझ्या गाडीतला पाइप त्याच लांबीतून कापलेला आहे, त्याच दुपारी, याच हातांनी जोडलेला. तुझ्या बाकाखालचा जोडही तसाच तडकला असणार.

शनिवारी सकाळी नवा पाइप आणि दोन क्लॅम्प घेऊन येतोय. घरात बोलावू नकोस. रस्त्यावर काम करीन आणि निघून जाईन. पण हे सांगायला पाकिटावरची एक ओळ पुरली असती. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "याआधी अशा गाडीत कुणाचं डोकं दुखलं होतं? मळमळलं होतं?" मी नाही म्हणालो. बाईंच्या मुलीसमोर धडधडीत खोटं बोललो. आपल्या पहिल्या सहलीत तुमच्या गाडीत रात्री हीटर लावून झोपलेल्या वहिनी सकाळी कपाळ धरून बसल्या होत्या, दोनदा उलटी झाली होती, आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, "वहिनींना गाडीत राहायचं नाहीये, म्हणून हे नाटक." सगळे हसले. तूही थोडासा हसलास, आणि मला वाटतं ते तुला स्वतःलाच कधी माफ करता आलं नाही. त्यानंतर वहिनी त्या गाडीत बसल्या नाहीत आणि तू माझ्याशी बोलला नाहीस. म्हणून आता एवढं कर, शेवटची ही ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखव. वहिनी, तुमचं डोकं खरंच दुखत होतं. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही.

तुझाच,
ठिणगी