रिकामी खुंटी

६ जुलै

पोहोचलो! आयर्लंडच्या पश्चिमेला, ट्रली शहराहून तासभर पुढे, रस्ता संपून समुद्र लागतो तिथे. गाव बॅलिनारी. दोन आठवडे आयरिश शिकायचं, गावातल्या घरी राहायचं, गावाच्या कामाला हात लावायचा. मी आणि नऊ वर्षांची लेक उल्का. नवरा रणजित डब्लिनजवळ स्वोर्ड्सच्या घरात एकटा, सुखात.

घर नोरीनबाईंचं. त्यांनी दारातच नियम सांगितला – आत इंग्रजी बंद. जो बोलेल तो त्या दिवशीचे बटाटे सोलेल. मी टाळ्या वाजवल्या! अशी एक बाई परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात हवी. झोपेपर्यंत अर्धं भाषण मनात तयार.

७ जुलै

बटाटे मी सोलले.

८ जुलै

पुन्हा मीच. सातवीपासून वक्तृत्वाच्या ढाली आणणारी बाई इथे ‘पाऊस’ आणि ‘चहा’ यांच्यावर दिवस काढते आहे. उल्का मात्र सुसाट – शाळेत पहिल्यापासून आयरिश आहेच तिला.

आमचा वर्ग गावच्या प्राथमिक शाळेत भरतो. व्हरांड्यात मुलांच्या खुंट्या, प्रत्येकीवर नाव. शेवटची कोरी. उल्काने आपला पिवळा रेनकोट तिथेच अडकवायला सुरुवात केली आहे.

१० जुलै

आजची तारीख लक्षात ठेवायची!

उल्काला मराठी सगळं कळतं. उत्तर कायम इंग्रजीत. मी किती पुस्तकं वाचली यावर, मराठी मंडळात किती भाषणं ठोकली, घरात किती आवाज चढवला! ‘मॅम, स्टॉप गिव्हिंग आउट’ – आई, कटकट पुरे – एवढंच पदरात.

आज जेवताना तिला मीठ हवं होतं. आयरिश शब्द आठवेना. इंग्रजी म्हणजे बटाटे. नाक मुरडून माझ्याकडे वळली –

“आई, ते मीठ दे ना.”

दे ना! ‘ना’सकट! मी बघतच बसले.

“आई! मीठ!”

नोरीनबाईंनी काटा खाली ठेवून निकाल दिला – ही इंग्रजी नव्हे. बटाटे माफ.

१२ जुलै

सकाळी ओहोटी. सगळं गाव आणि आम्ही विद्यार्थी कड्याखाली, बटाट्याच्या वाफ्यांना घालायला शेवाळ गोळा करत. मला सगळं एकच हिरवं-तपकिरी दिसतं. इथे प्रत्येकाला वेगळं नाव! वर्गातली नेरेआ स्पेनमधल्या बास्क मुलुखातली. ती तिच्या भाषेतली नावं सांगत होती. घराबाहेर इंग्रजी चालते, त्यामुळे मी सुटलेच – भाषा शत्रू मारत नाही, आपला आळस मारतो, वगैरे वगैरे.

ती बादली भरत ऐकत होती. म्हणाली, “छान बोलतेस. माझ्या आजी-आजोबांनी शेजाऱ्यांना गोळा करून आमच्या भाषेतली शाळा काढली आणि आधी स्वतःची मुलं घातली. छान बोलणाऱ्यांना खुर्च्या उचलायला लावायचे.”

खूप हसले. टोचलंही.

संध्याकाळी कळलं – शाळेच्या पटावर एक मूल कमी पडतंय. नव्या वर्षात मिळालं नाही, तर शाळेतल्या दोन बाईंपैकी एकीची जागा जाणार. मग एकाच बाईंवर सगळे वर्ग, मग पालक मुलांना दुसरीकडे नेणार, मग कुलूप.

म्हणून ती खुंटी कोरी!

१५ जुलै

ट्रलीच्या हॉस्पिटलने मला देऊ केलेल्या डॉक्टरच्या जागेचं उत्तर कळवायचंय. काम चांगलं आहे. पण डब्लिनचं सगळं बस्तान उठवून इकडे कोण येणार? नाही म्हणून कळवते. उद्या.

१७ जुलै

काय करून बसले मी!

शाळेसाठी हॉलमध्ये सभा. तिथेही इंग्रजी बंद. एकेक जण उठायचा, थोडं बोलायचा, खांदे पाडून बसायचा. मला राहवेना. उठले. ‘मी डॉक्टर आहे’ – यापुढे माझी आयरिश जाईना. सगळे थांबलेले. मग मराठीत सुरू झाले! कॉलेजात अंतिम फेरीत बोलायचे तसं, मूठ आवळून! “दुसऱ्याच्या मुलाची वाट काय बघता? मी माझी मुलगी बसवते त्या बाकावर! पहिल्या दिवशी!”

एक अक्षर कळलं नाही कुणाला, तरी टाळ्या! पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने उल्काला विचारलं – काय म्हणाली गं आई? उल्का उभी राहिली. आयरिशमध्ये दोन वाक्यं. हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं. नोरीनबाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

“उल्का, काय सांगितलंस?”

“तू बोललीस तेच. शाळा बंद नाही करायची. आणि मी येणार इथे.”

“अगं, ते भाषण होतं!”

“म्हणजे खोटं?”

हॉल भरून माणसं हसत होती.

१८ जुलै

रणजितला फोन. आधी पोट धरून हसला. “तुझं भाषण कुणीतरी खरं धरणार होतंच एक दिवस! ट्रलीला नकार कळवलास?”

“अजून नाही.”

हसणं थांबलं. मग – “ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात मला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. ट्रलीहून डब्लिनला ट्रेन आहे. उल्काला काय हवंय?”

“रेनकोट तिथेच राहू दे म्हणते.”

“मग राहू दे की.”

१९ जुलै

ट्रलीला ‘हो’ कळवलं. नेरेआने माझ्या हातात हॉलमधल्या दोन खुर्च्या दिल्या. आवरायला!

२८ ऑगस्ट

उल्का शाळेतून पळत आली. “आई, खुंटीवर माझं नाव लावलंय! आणि दोन्ही बाई आहेत!”

गावातल्या आमच्या या नव्या घरात बटाट्यांचा नियम नाही; तरी मराठीत.