खरी वेळ फक्त माझ्या डोक्यात

२ तारीख, संध्याकाळ
भाचीचं लग्न ठरलं. आमच्या गल्लीच्या टोकाला चांगला हॉल आहे, पंखे आहेत, नळाला पाणी आहे. तो नको म्हणे. लांब कुठेतरी शेतावर करायचं. चिखल, माश्या आणि शेण, आणि वर त्याचं भाडं द्यायचं. भावाला विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? म्हणाला, अक्का, पोरीची हौस आहे. हौस म्हटली की आपण गप्प बसायचं.

पोरगी स्वतःच लाँड्रीत आली होती. तिची आई नोकरीला, म्हणून ही माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसूनच मोठी झाली. म्हणाली, आत्या, त्या दिवशी माझा ड्रेस तूच इस्त्री करायचास. मी घालायच्या आधी, गरम गरम. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही.

बरं म्हटलं. पण मनाला लागलं. एवढं मोठं लग्न, आणि मला काम काय, तर इस्त्री. ती मी रोजच करते.

५ तारीख
ठरलं. पाहुण्यांचं सगळं मी बघणार. नेणं, आणणं, शिस्त.

भावजय म्हणाली, वन्सं, तुम्ही कशाला त्रास घेता, बस ठरली आहे, गेस्टहाउस ठरलं आहे, सगळ्यांना मोबाइलवर तारीख आणि पत्ता कळवून झालाय. बोलताना हसत होती. इतकी हसते म्हणजे आतून घाबरलेली असणार. बिचारीला मदतीची गरज आहे.

हे म्हणाले, तुला सांगितलंय का कोणी? मी त्यांच्याच शर्टावर इस्त्री जरा जास्त वेळ ठेवली.

८ तारीख, दुपारी
मोबाइलवर बोलून पाहुण्यांना सूचना पाठवल्या. आपापली उशी आणा, परक्या उशीवर कोणाकोणाची लाळ असते ते लाँड्रीवालीला विचारा. आपला साबण आणा, तिथल्या साबणाला केस चिकटलेले असतात. पांढरे कपडे आणू नका, शेणाचा डाग जात नाही, आणि गेला तरी वास जात नाही. रात्रीची चप्पल वेगळी ठेवा, सकाळी पाय घालण्याआधी ती झटका, आत काहीही बसलेलं असतं.

एकाने अंगठा पाठवला. बाकी कोणी काहीच नाही. म्हणजे सगळ्यांना पटलं.

११ तारीख
लोक वेळेवर येत नाहीत. याची मला मनापासून किळस येते. म्हणून एक युक्ती काढली आणि ती माझ्याशिवाय जगात कोणाला सुचली नसती. जो माणूस इस्त्रीचे कपडे न्यायला जितका उशीर लावतो, तितकी त्याला लग्नाच्या सकाळी गेस्टहाउसहून शेतावर जाणाऱ्या बसची वेळ आधीची सांगायची. शेजारचे काका बसल्याजागी घोरतात, त्या घोरकाकांच्या पँटी महिनाभर माझ्याकडे लोंबकळतात, त्यांना पहाटेची वेळ. भावजयीच्या मैत्रिणीला, त्या परफ्यूमवालीला, त्यानंतरची. तिचे कपडे धुतले तरी दुकानभर वास सुटतो. बाकीच्यांना ज्याची त्याची वेगळी.

खरी वेळ भावाने फक्त मला सांगितली आहे. ती कुठेही लिहीत नाही, इथेसुद्धा नाही. कोणी वाचलं तर सगळं मुसळ केरात. फक्त माझ्या डोक्यात.

१५ तारीख
परफ्यूमवालीचा फोन. विचारत होती की बसची वेळ नक्की कोणती, कारण तिला एक सांगितली आणि तिच्या जावेला दुसरी. मी म्हटलं, जावा आहात, तुमचं कधी जमलंय का? फोन ठेवला. चोख उत्तर दिलं.

भाचीचाही फोन. आत्या, तू पाहुण्यांबरोबर गेस्टहाउसला राहू नकोस, शेतावर माझ्याच खोलीत ये. म्हटलं, तुला काय कळतं, मी नसले तर हे लोक एकमेकांच्या उरावर बसतील. ती म्हणाली, ड्रेसचं लक्षात आहे ना? मी म्हटलं, इस्त्री माझी मी घेऊन येतेय, दुकानातली, जड. परकी इस्त्री मी आयुष्यात कधी कपड्यावर फिरवलेली नाही. एवढ्या कामात एका ड्रेसचं काय घेऊन बसलीय.

१९ तारीख, शुक्रवार, संध्याकाळ
पोचलो. शी.

गेस्टहाउसच्या न्हाणीघरात बेडूक. बादलीत, मजेत. मालकाला बोलावलं, तर म्हणाला, बाई, तो काही करत नाही. काही करत नाही म्हणून त्याच्याबरोबर अंघोळ करू? गादीला ओल्या कुत्र्याचा वास. खिडकी उघडली तर गोठा, लावली तर गादी.

वाटेत परफ्यूमवाली माझ्या शेजारी. मला दोनदा उलटी झाली. दोष तिचा. तिने मला लिंबाची गोळी दिली. मी घेतली, पण आभार मानले नाहीत. आता तिच्याबरोबर एका खोलीत झोपायचं होतं. मी नकार दिला आणि जिन्यावरची अडगळीची खोली एकटीने घेतली. पुढाऱ्याने वेगळंच राहावं. हे घोरकाकांच्या खोलीत.

जेवताना सगळे वेळा जुळवत बसले. तुला काय सांगितलं, मला काय सांगितलं. घोरकाका मोठ्याने म्हणाले, आमच्या बाईंनी घड्याळाच्या दुकानासारखं केलंय, प्रत्येक काटा वेगळा! सगळे खिदळले. हेसुद्धा. तोंडात घास असताना हसणारा माणूस बघवत नाही. मग ते सगळे उठून बसच्या ड्रायव्हरकडे गेले. मी गेले नाही. माझी वेळ मी ड्रायव्हरला विचारू?

नंतर खोल्याखोल्यांतून एकापाठोपाठ एक तक्रारीचे फोन. उद्या मला ताज्या डोक्याने काम आहे. फोन बंद करून टाकला.

आता एकच. खरी वेळ. आठ मी कोणाला सांगितली? परफ्यूमवालीला सात. तिच्या जावेला साडेसात. आठ बहुतेक त्या शिंकणाऱ्या मामांना. मामा तसे वेळेवर कपडे नेतात, म्हणजे त्यांच्यापुढे जेमतेम एकच वेळ उरते. नऊ. नऊच. मला सगळं पाठ असतं.

२० तारीख, शनिवार, दुपारी
नऊला खाली आले. नवे कपडे, हातात इस्त्री. अंगणात बसच्या चाकांच्या खुणा आणि एक कोंबडी.

मालक म्हणाला, बस आठला गेली, बाई. एकदम वेळेवर, एकही माणूस मागे नाही. मग माझ्याकडे बघून कोंबडी हाकलायला लागला.

म्हणजे माझी युक्ती शंभर टक्के यशस्वी. हे आधी लिहून ठेवते.

फोन चालू केला, तर कालच संपत आलेली बॅटरी लगेच संपली. दुसरी गाडी नाही. शेवटी कोंबड्यांचा टेंपो मिळाला. पुढे जागा नव्हती. मागे पिंजऱ्यांच्या मधे उभी राहिले, इस्त्री पोटाशी धरून. काय ती घाण. केसात पिसं, चपलेत काय ते लिहीत नाही. रस्ता संपेचना. टेंपोवाला दर फाट्याला एकेक पिंजरा उतरवत होता. मी ओरडले, अरे, लग्न आहे! तो म्हणाला, यांचंही आहे, मावशी, हॉटेलात.

पोचले तेव्हा खुर्च्या उचलत होते.

हे समोर आले. म्हणाले, मला वाटलं तू पहाटेच गेली असशील. लोकांना पहाट सांगत होतीस ना. परफ्यूमवाली म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्ही नवरीपाशी आहात. घोरकाकांनी माझ्यासाठी एक खुर्ची परत उलगडली. हसले असते तर बरं झालं असतं.

मग भाची दिसली. ड्रेसवर कमरेपासून खालपर्यंत आडवी घडी, पेटीतून काढल्यासारखी. लांबूनसुद्धा दिसत होती. मी भावजयीवर तुटून पडले, घरात एवढ्या बायका, एकीला इस्त्री फिरवता आली नाही? भावजय यावेळी हसली नाही. म्हणाली, वन्सं, दोघीतिघी तयार होत्या. तिने हातच लावू दिला नाही. आत्या येतेय म्हणाली. शेवटी लोक खोळंबले तेव्हा तसाच घातला.

भाचीने माझ्या केसातलं पीस काढलं. जेवलीस का विचारलं. मी म्हटलं, सगळे पाहुणे वेळेवर आले ना? हो म्हणाली.

२४ तारीख
दुकान उघडलं. भाऊ ड्रेस देऊन गेला, धुवायला. ती सासरी पोचली म्हणे.

धुतला, वाळवला. आता इस्त्री करतेय. घडी पक्की बसली होती, पाणी मारून तीनदा फिरवावी लागली. गेली. आता कुठेही दिसत नाही.

गरम आहे अजून. तसाच हातावर धरून उभी आहे. घालणारं कोणी नाही.