विहीर : नाही

४ फेब्रु., बुध.
सर्व्हे संपला एकदाचा. शासनाचं नवं पाणीबचत धोरण : ज्याच्या दारात बारमाही गोड्या पाण्याची विहीर, त्याला नगरपरिषदेचा नळ तीन दिवसांतून एकदा. शेवटून दुसरं घर शेजारच्या फिलूबायचं. तिच्या विहिरीचं पाणी चाखलं, गोड. फॉर्मवर लिहिलं, 'बारमाही'. शिमग्यानंतर ते मचूळ होतं हे आख्ख्या वाडीला ठाऊक. मलाही. पण साहेबांना तक्ता आजच हवा होता.
मग आमचं घर, अंगणात बारमाही गोड विहीर. लिहिलं, 'विहीर : नाही.'
माझी बायको वै. म्हणाली, "वरच्या दोन खोल्यांत होमस्टेचे पाहुणे असतात. त्यांना रोज नळ नको?" बरोबरच आहे तिचं. पण लिहिलं मी.

१० मार्च, मंगळ.
नवं वेळापत्रक सुरू. फिलूबायचा नळ कोरडा, विहीर मचूळ. सकाळी ती घागर घेऊन आमच्या अंगणात. वडील, अण्णा, होते तेव्हापासूनची रीत : शिमगा सरला की तिचं पिण्याचं पाणी आमच्या विहिरीचं. कधी विचारलं नाही, कधी सांगावं लागलं नाही. मी पेपरात डोकं घातलं.

१६ मार्च, सोम.
उद्या जिल्ह्याचे साहेब फेरतपासणीला, नेमके आमच्या वाडीत. विहिरीवर फळ्या टाकल्या, वर माडाची चुडतं रचली. फिलूबायला म्हटलं, दोन दिवस नको येऊस, मग मागच्या दारानं ये.
घागर खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या बापाशीन माका कधी मागल्या दारान ये म्हणान सांगल्यान नाय, रे सुदा."
रिकामी घागर घेऊन गेली. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, मंगळ.
साहेबांनी चुडतांच्या ढिगाकडे बोट केलं. शाकारणीसाठी काढून ठेवलीयत, म्हटलं. घर कौलारूसुद्धा नाही आमचं, स्लॅबचं!
फिलूबाय तिच्या ओट्यावर बसलेली. साहेबांनी तिलाच विचारलं, "बाई, शेजारी विहीर आहे का हो?"
"नाय, साहेब."
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च, मंगळ.
फळ्या काढून, चुडतं रस्त्याच्या बाजूला आडोशाला रचून आठवडा झाला. ती येत नाही. तिठ्यावरच्या नळावरून आणते, वाटेत दोनदा टेकते. घागर घ्यायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हवांदे. आफिसात जा तू."
आज शाळेत पाणीबचतीवर माझं भाषण होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

२ एप्रिल, गुरु.
फिलूबाय चर्चला निघालेली, काळी छत्री. स्वतःहून थांबली. "कुमसाराक जातंय. उपासाच्या दिवसांत खोटा बोललंय मी. पाद्रीक तुझा नाव सांगूचंय नाय."
माझं पाप ती कबूल करायला चालली, आणि मी "बरं" म्हटलं! बरं काय, बरं?

६ एप्रिल, सोम.
दुरुस्ती अर्ज घेऊन तिच्याकडे गेलो. असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. विहीर मचूळ, नळ रोज मिळावा. सगळं मी भरलं, तिनं सही केली. शेवटचा रकाना राहिला : 'सध्या पिण्याचे पाणी कोठून आणता? मूळ नेहमीची सोय कोणती?' नेहमीची सोय म्हणजे आमची विहीर. ते लिहिलं की माझा फॉर्म खोटा ठरतो, नोकरीवर येतं. तिठ्यावरचा नळ लिहिला की अर्ज पुढे सरकेल, पण खोटं तिच्या सहीवर.
पेन तिच्याकडे धरलं. तिनं हात पदरात घेतले.
"ह्यां तूच भर. माझा खोटा बोलान झाला."

९ एप्रिल, गुरु.
अर्ज ड्रॉवरमध्ये. रकाना कोराच. वै. म्हणते, पाऊस आला की तिची विहीर गोड, तोवर कोण बघतंय. सकाळी फिलूबाय घागर घेऊन गेटावरून गेली. मग मी विहिरीपुढची चुडतं उचलून रस्त्याकडेला टाकली, आता येणाऱ्याजाणाऱ्याला विहीर दिसते. अर्ज मात्र अजून ड्रॉवरमध्येच.